वाचकांचे प्रश्न : दिल्ली ते लेह, अंतर किती आणि वेळ किती?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं लडाखची आहेत, आणि त्यातही सगळ्यांची गाडी एकाच प्रश्नावर अडलीये की दिल्लीहून लेहला विमानाने नक्की किती लांब आणि किती वेळ. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत, सगळी उत्तरं याच रूटवर.

प्रश्न : ताई नमस्कार. जूनमध्ये आईबाबांना घेऊन लडाखला जायचं ठरलंय, आई ६६ आणि बाबा ७१. दिल्ली-लेह अंतर एका ठिकाणी ६२० लिहिलंय, एका ठिकाणी ३३६, आणि तिकिटावर वेळ १ तास २५ मिनिटं. मुंबई-नागपूरला पण एवढाच वेळ लागतो की. खरं काय धरायचं? आणि सकाळी ७ ला उतरलो तर त्याच दिवशी दुपारी नुब्राला निघालो तर चालेल का, आमच्याकडे ५ च दिवस आहेत आणि टूरवाले म्हणतायत आरामात होतं. (नाशिक)

आधी आकड्यांचं बघू. दोन्ही आकडे बरोबर आहेत. दिल्ली विमानतळ ते लेह विमानतळ सरळ रेषेत मोजलं तर साधारण ६२० किलोमीटर, आणि तेच अंतर नॉटिकल मैलात ३३६ च्या आसपास, कारण विमानवाले नॉटिकल मैल वापरतात आणि १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. नकाशा काढून बघा, लेह दिल्लीच्या जवळजवळ डोक्यावरच आहे, दोन्ही गावं ७७ रेखांशाच्या पट्ट्यात, म्हणजे विमान दिल्लीहून निघालं की जवळपास नाकासमोर उत्तरेला जातं, खाली हरियाणा मग हिमाचल मग झंस्कारचे डोंगर आणि मग सिंधूची दरी. आपल्याकडचं माप लावायचं तर मुंबई-नागपूर हवाई अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेह दिल्लीपासून त्याहून जवळच.

आता वेळ. जेट विमान वर गेलं की तासाला ८०० किलोमीटरच्या आसपास जातं, त्या हिशोबाने ६२० किलोमीटरला ४५-५० मिनिटं पुरायला हवीत, आणि तिकिटावर तर १ तास २० ते १ तास ३० दिसतात. मधली मिनिटं कुठे जातात? तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो, विमान दिल्लीच्या गेटवरून मागे ढकललं तिथपासून लेहला जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो, याला ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्लीला पहाटे टेकऑफसाठी लाइन लागलेली असते, १५-२० मिनिटं जमिनीवरच जातात. मग वर चढताना वेग कमी, उतरताना वेग कमी, आणि लेहला तर विमान सरळ रेषेत येऊन टेकत नाही, डोंगरांच्या मधे दरीत शिरून वळण घेऊन मग उतरतं. एवढ्या छोट्या रूटवर ही सगळी मिनिटं मोठी दिसतात. मुंबई-नागपूरचंही तसंच, म्हणून दोन्हीकडे दीड तासाच्या आसपास आकडा दिसतो. प्रत्यक्ष हवेत तुम्ही एक तासभर असता, फार तर पाच-दहा मिनिटं वर.

आणि जाताना-येताना वेळेत फारसा फरक का नाही तेही सांगते, वर जोरात वाहणारा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे असतो, आपण जातो दक्षिणेकडून उत्तरेला, म्हणजे तो बाजूने लागतो. मुंबई-कोलकात्यासारखं एका बाजूने ढकलणं आणि परतीला अडवणं इथे होत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नावर येते, खरं तर पहिल्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे. दुपारी नुब्राला निघू नका, उंच घाट ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जावं लागतं. आईबाबांना घेऊन तर अजिबात नाही, आणि एकटे असता तरी नाहीच म्हटलं असतं.

दिल्ली विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरसुद्धा उंच नाही. लेहचा विमानतळ आहे ३,२५६ मीटरवर, म्हणजे १०,६८२ फूट. तिथे हवेचा दाब आपल्या समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे प्रत्येक श्वासात आपल्याला घरी जेवढा ऑक्सिजन मिळतो त्यातला एक तृतीयांश गायब, आणि हे सगळं एका तासात झालेलं असतं. रस्त्याने जाणाऱ्याला हीच उंची गाठायला दोन दिवस लागतात, त्या दोन दिवसांत शरीर हळूहळू जुळवून घेतं, श्वास वाढवतं. विमानाने आलेल्या माणसाचे ते दोन दिवस शिल्लक राहतात, ते लेहमध्ये बसून काढावेच लागतात. म्हणून मला कोणी विचारलं की दिल्ली ते लेह किती वेळ, तर मी सांगते की एक तास अधिक दोन दिवस, आणि हे दोन दिवस प्रवासातच धरायचे, सुट्टीत नाही.

फसगत कुठे होते माहितीये का, उतरल्यावर काहीच वाटत नाही. उलट मस्त वाटतं, थंड कोरडी हवा, निळंभोर आकाश, माणूस म्हणतो मला काही झालं नाही बुवा. त्रास बहुतेकांना सहा-आठ तासांनंतर नाहीतर पहिल्या रात्री सुरू होतो. आमचंच सांगते. माझ्या मावशीला घेऊन गेले होते, ती ६८ ची, रोज सकाळी ५ किलोमीटर चालणारी, गोळी कुठलीच नाही. पावणेआठला उतरलो, हॉटेलवर पोहे खाल्ले, ती म्हणाली झोपून काय करू, आणि बरोबरच्या टूरच्या माणसानेही म्हटलं शांती स्तूप जवळच आहे जाऊन या. आम्ही पायऱ्यांनी गेलो. पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत तिथे. वर पोचल्यावर मावशी मजेत, फोटो काढले, सूर्यास्त पाहिला. रात्री ११ ला तिचं डोकं ठणकायला लागलं, १ वाजता उलटी, आणि ३ वाजता ती अंथरुणात उठून बसली होती, आडवं झालं की श्वास पुरत नाही म्हणत होती, आणि मी तिच्या नखांकडे टॉर्च धरून बघत होते, ती निळसर दिसत होती. हॉटेलच्या मुलाने गाडी काढली, दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, सकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. ती बरी झाली, आज ठणठणीत आहे. पण त्या पायऱ्या मी तिला चढू दिल्या हे मला आजही टोचतं, कारण नियम मला माहीत होता आणि तिचा उत्साह बघून मी तो सोडला.

म्हणून आईबाबांसाठी सांगते. वय जास्त म्हणून त्रास जास्त असं नसतं, जिमला जाणाऱ्या २५ वर्षांच्या मुलांनाही होतो, फिटनेसचा यात उपयोग नाही. पण बीपी, हृदय, दमा असं काही असेल तर जायच्या आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा, लेहची उंची सांगा, चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. डायमॉक्स नावाची गोळी घ्यायची का तेही त्यांनाच विचारा, मेडिकलमधून स्वतःच आणून सुरू करू नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही असं होऊ शकतं. पहिला दिवस पूर्ण खोलीत. जिना चढायचा तरी हळू, अंघोळ दुसऱ्या दिवशी केली तरी चालते, दारू नाही, पाणी येता-जाता पीत राहायचं. हलकं डोकं दुखणं, झोप तुटक लागणं हे होतंच. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, चालताना तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, दुसरीकडे कुठे असा त्रास झाला तर गाडीत घालून खाली उतरवतात आणि माणूस बरा होतो. लेहमधून रस्त्याने खाली उतरणं सोपं नाही, बहुतेक बाजूंनी आधी लेहपेक्षाही उंच घाट चढावा लागतो आणि मग उतार. तिथून लवकर खाली जायचं म्हणजे परत विमानच, आणि विमान सकाळीच मिळतं.

५ दिवसांचं गणित असं मांडा. पहिला दिवस आराम. दुसऱ्या दिवशी गाडीने लेहजवळची शे आणि ठिकसे ही गावं, जमेल तेवढंच, जास्त पायऱ्या नकोत. तिसऱ्या दिवशी नुब्रा. वाटेत खारदुंग ला आहे (ला म्हणजे घाट), त्याची उंची ५,३५९ मीटर, तिथे फोटोपुरते दहा मिनिटं थांबायचं आणि पुढे, कारण नुब्रात दिस्कित-हुंडरला मुक्काम लेहपेक्षा थोडा खालीच होतो, रात्र बरी जाते. चौथ्या दिवशी परत लेह, पाचव्या दिवशी सकाळचं विमान. पँगाँग तलाव या वेळी सोडा. मला माहितीये सगळे त्यासाठीच जातात, पण तिथला मुक्काम ४,२०० मीटरच्या वर आहे, दवाखाना लांब, आणि आईबाबांबरोबर पाच दिवसांत तो बसवणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. सात दिवस मिळाले तर जरूर जा.

प्रश्न : मी एव्हिएशनचा डिप्लोमा करतोय. लेहची सगळी फ्लाइट सकाळीच का असतात? दुपारी विमान का उतरत नाही? (ठाणे)

छान विचारलंस. दोन कारणं आहेत, वारा आणि ऊन. दुपार झाली की डोंगरांचे उतार तापतात, दरीत जोराचा आणि वेडावाकडा वारा सुटतो, अशा अरुंद जागी प्रवासी विमान त्यात आणत नाहीत. आणि दुसरं म्हणजे हवा आधीच विरळ, त्यात तापली की अजून विरळ. इंजिनाला ढकलायला हवा कमी, पंखांना उचलायला हवा कमी, मग टेकऑफला जास्त वेग आणि जास्त रनवे लागतो, आणि रनवे काही रबराचा नाही. तू शिकतोयस तर गणित करून बघ, १०,६८२ फुटांवर स्टँडर्ड तापमान उणे ६ डिग्री धरतात, समजा बाहेर ३६ डिग्री झालं तर फरक ४२ डिग्रीचा, दर डिग्रीला साधारण १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपंधरा हजार फुटांच्या वर जातो. म्हणजे विमानाला वाटतं आपण साडेपंधरा हजार फुटांवरून उडतोय. हे पुस्तकातलं नाही, जुलै २०२४ च्या शेवटी लेहला अशीच गरमी झाली होती आणि बरीच फ्लाइट रद्द झाली, लोक चकित झाले की लडाखमध्ये उन्हामुळे विमान रद्द? उन्हामुळेच.

अजून एक गंमत तिथे आहे. रनवेला चढ आहे. विमान स्पितुकच्या बाजूने येऊन चढावर उतरतं आणि जाताना त्याच बाजूला तोंड करून उताराने उडतं, म्हणजे यायचं-जायचं दार एकच. चढावर ब्रेक बरा लागतो, उतारावर वेग लवकर मिळतो. सगळीकडे डोंगर, म्हणून खास ट्रेनिंग घेतलेले पायलटच या रूटवर पाठवतात. खिडकीत असलास तर उतरायच्या आधी टेकडीवर रचलेली पांढरी गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, दिसेल, तीच स्पितुक. विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते कुशोक बकुला रिंपोचे याच गोंपाचे प्रमुख लामा, नंतर राजकारणात आले, मंगोलियात भारताचे राजदूत होते. ज्या माणसाचं नाव विमानतळाला, त्याचा मठ रनवेच्या टोकाला.

आणि हा विमानतळ झाला कसा तेही वाच, वर्गात कोणी सांगणार नाही. १९४८ साल, काश्मीरसाठी पाकिस्तानशी युद्ध चालू, झोजी ला च्या बाजूने लेहकडे जायचा रस्ता तुटलेला. सोनम नोरबू नावाच्या लडाखी इंजिनियरने गावातली माणसं हाताशी घेऊन सिंधूच्या काठच्या वाळवंटात धावपट्टी सपाट केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डकोटा जातीचं विमान उतरवलं, सोबत होते मेजर जनरल थिमय्या. डकोटाची कॅबिन प्रेशराइज्ड नव्हती आणि त्या वाटेचा नीट नकाशाही हाताशी नव्हता, डोंगरांवरून आणताना आत बसलेल्यांना काय वाटलं असेल याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. आज लेहचं जे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे ना, एसएनएम, ते सोनम नोरबू मेमोरियल. धावपट्टी त्याने बांधली आणि विमानाने येऊन आजारी पडणाऱ्यांवर उपचार होतात तेही त्याच्याच नावाच्या छपराखाली.

प्रश्न : आम्ही ६ मित्र. श्रीनगर पण बघायचंय आणि लेह पण. श्रीनगर-लेह विमानाने जावं की रस्त्याने? अंतर किती? (सांगली)

विमानाने श्रीनगर-लेह फक्त २५५ किलोमीटरच्या आसपास, मुंबई-छत्रपती संभाजीनगरपेक्षाही थोडं कमी. हवेत पाऊण तास. रस्त्याने तेच अंतर होतं जवळजवळ ४२० किलोमीटर, आणि लागतात दोन दिवस. विमानं या रूटवर मोजकीच, तुमच्या तारखेला असेल तर ठीक.

पण तुम्ही सहाजण, तरुण, वेळ आहे, तर डोळे झाकून रस्ता घ्या. श्रीनगर १,६०० मीटरच्याही खाली आहे, तिथे दोन रात्री काढा, मग सोनमर्ग, झोजी ला साधारण ३,५०० मीटर, द्रास, आणि कारगिलला मुक्काम. कारगिल २,७०० मीटरच्या आत, म्हणजे झोपायला चांगली उंची. दुसऱ्या दिवशी फोटू ला ४,१०८ मीटर चढून उतरून लेह. शरीर पायरी पायरीने वर जातं. झोजी ला ला कधी एका बाजूची वाहतूक सोडतात कधी दुसऱ्या, दोन-तीन तास अडकायची तयारी ठेवा, आणि हिवाळ्यात बर्फाने तो बंदच होतो. सोनमर्गच्या अलीकडचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालाय, झोजी ला चा मोठा बोगदा अजून बांधतायत.

मनालीकडून जायचं डोक्यात असेल तर जाताना नको, येताना ठेवा. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरपासून सुरू झाला, त्याने अंतर आणि रोहतांग घाटाचा त्रास वाचला हे खरं, पण त्यापुढे मुक्काम सरचूला पडला तर ती जागा ४,२०० मीटरच्या वर, पहिल्याच रात्री तिथे झोपणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. मुक्काम करायचाच तर खाली जिस्पाला करा.

लडाखी लोकांसाठी मात्र हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जानेवारीत रस्ते बंद, पारा उणे १५-२०, आणि घरात कोणाचं ऑपरेशन दिल्लीला किंवा चंदीगडला करायचं असेल तर विमान हा एकच मार्ग. आपण जूनमध्ये तिकीट महाग म्हणून कुरकुरतो, त्यांना ते थंडीत आजारी माणसासाठी काढावं लागतं.

प्रश्न : लेहला जाताना कुठल्या बाजूची खिडकी घेऊ? (डोंबिवली)

डावी. जाताना सकाळचं ऊन उजवीकडून येतं, डोळ्यावर येतं आणि फोटोत काच चमकते. डावीकडे हवा स्वच्छ असेल तर नून आणि कून ही शिखरांची जोडी दिसते, दोन्ही ७,००० मीटरच्या वरची, एक काळसर टोकाचं आणि एक बर्फाचं. परतीला अर्थात बाजू उलटी. पंखावरची सीट टाळा. आणि लेहला उतरल्यावर जमिनीवर फोन आत ठेवा, तो हवाई दलाचाही तळ आहे, तिथे फोटोला बंदी आहे.

प्रश्न : मागच्या वर्षी लेहला विमानात माझ्या पिशवीतलं चिवड्याचं पाकीट फुगून उशी झालं होतं, कान मात्र नेहमीसारखे दुखले नाहीत. येताना मात्र कान फार दुखले. असं का? (रत्नागिरी)

काकू, तुमचं निरीक्षण फार बारीक आहे, आणि यात सगळी भौतिकशास्त्राची गोष्ट आलीये. विमान तीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असतो तेवढा ठेवतात. नेहमी खाली उतरताना आतला दाब वाढत जातो, कानात आतली हवा कमी पडते, म्हणून दडे बसतात. लेहला उलटं होतं. बाहेरून विमान खाली येतंय, पण विमानतळच १०,६८२ फुटांवर, म्हणजे दार उघडायच्या आधी आतला दाब अजून कमी करावा लागतो. विमान उतरतंय आणि आत बसलेले तुम्ही वर चढताय, असं म्हणा. म्हणून कान बंद न होता मोकळे झाले, आणि रत्नागिरीच्या समुद्राकाठची हवा भरलेलं तुमचं पाकीट टम्म फुगलं. ते सावकाश टाचणीने टोचा, नाहीतर बॅगेत फुटून सगळीकडे शेंगदाणे होतात.

परत येताना लेहच्या दाबातून एकदम दिल्लीच्या दाबात येता, पार दहा हजार फुटांचा फरक, म्हणून कान दुखले. उतरायला लागलं की गोळी चघळायची, आवळ्याची सुपारी असली तर उत्तम, जांभई द्यायची, झोपायचं नाही. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून नाकातले थेंब घ्या. आणि लेहला झाकण घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली दिल्लीला काढून बघा, कोणीतरी मुठीत चुरगळल्यासारखी दिसेल.

प्रश्न : परतीला लेह-दिल्ली सकाळी १० चं आणि दिल्ली-मुंबई दुपारी १ चं, वेगवेगळ्या कंपन्यांचं, वेगळी तिकिटं काढलीत कारण ८०० रुपये वाचले. दीड तासात दिल्ली, मग दीड तास हातात, पुरेल ना? (जळगाव)

दादा, पुरलं तर नशीब. कागदावर तुम्ही साडेअकराला दिल्लीत, पण लेहचं दहाचं विमान हे तिथल्या सकाळच्या शेवटाकडचं, आधीची उशिरा आली की हे अजून मागे जातं, आणि वारा सुटला किंवा ढग बसले की त्या दिवशीचं रद्द, मग उद्याच. उन्हात वजन कमी करायला कधी सामान मागून येतं. दिल्लीला उतरल्यावर बॅग येईपर्यंत अर्धा तास धरा, आणि दुसरं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ मधे काही किलोमीटरचं अंतर आहे, बसने नाहीतर टॅक्सीने जावं लागतं, बाहेर पडून परत सिक्युरिटी.

तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आणणारी कंपनी दुसऱ्या विमानाची जबाबदारी घेत नाही. एकाच पीएनआरवर असती तर पुढची सोय त्यांना करावी लागली असती. अजून वेळ आहे, मुंबईचं रात्री ८ नंतरचं करून घ्या, तारीख बदलायचे पैसे लागले तरी. नाहीतर त्या दिवशी दिल्लीतच मुक्काम करा. जाताना पण तेच, आदल्या संध्याकाळी दिल्लीत पोचा, लेहचं विमान पहाटेचं घ्या.

आणि तुमचं सिम प्रीपेड असेल तर लेहला बंद पडेल, महाराष्ट्राचं प्रीपेड तिथे चालत नाही, फक्त पोस्टपेड. बरोबरच्यांपैकी एकाचं तरी पोस्टपेड असू द्या, कारण विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो. तिकीट काढताना तोच नंबर दिलाय ना ते आजच बघून घ्या.